विहीणबाईंची दवाखान्याची तारीख

दवाखान्यात ताटकळत बसणं ज्यांना मनापासून आवडतं अशा माणसांची कुणी जत्रा भरवली, तर आमच्या विहीणबाईंना तिथे घोड्यावर बसवून वाजतगाजत न्यावं लागेल. तुम्हीआम्ही डॉक्टरकडे जातो तेव्हा आपला जीव अर्धा आत आणि अर्धा दारात असतो. आपल्याआधी किती जण आहेत, आत गेलेला माणूस अजून बाहेर का येत नाही, मधूनच घुसलेली ती बाई कोण, या विचारातच आपलं रक्त आटतं. विहीणबाई मात्र दवाखान्यात पाऊल टाकताना माहेरी आल्यासारख्या दिसायच्या. चपला काढून कोपऱ्यात जोडीनं ठेवायच्या, हॉलभर नजर फिरवायच्या, आणि सगळी बाकडी खच्चून भरलेली दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. "आज मस्त गर्दी आहे, ईनबाई," असं त्या माझ्या कानाशी लागून म्हणायच्या. त्यांच्या बोलीत विहिणीला ईन म्हणतात. ते ऐकून मी घड्याळाकडे बघायचे, कारण शाळेतून रजा काढून त्यांच्याशेजारी बसणारी मी होते.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या, वर्षाच्या सासूबाई. राहणार केशोरी. घरी धानाची थोडी शेती, दोन म्हशी, व्याही, आणि एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे जावई. वर्षाच्या लग्नानंतर वर्षभरातच त्यांच्या गावात तपासणीचं शिबिर भरलं. सगळ्यांनी हात पुढे केला म्हणून यांनीही केला, आणि यांचा बीपी वाढलेला निघाला. तेव्हापासून दर महिन्याला तपासणी ठरली. केशोरीहून अर्जुनी जवळ. तिथेही डॉक्टर होते. पण एकदा तिथे जाऊन आल्या आणि पुन्हा म्हणून गेल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तो डाक्टर चांगला आहे, पन लवकर सोडते." मग गोंदियातल्या आमच्या डॉक्टरांचं नाव कुणीतरी त्यांना सांगितलं. या डॉक्टरांकडे सकाळी गेलेला माणूस दुपारचं जेवण चुकवतोच, अशी त्यांची ख्याती होती. विहीणबाईंनी तीच तर खूण पक्की केली. "ज्याच्यापाशी गर्दी नाई, तो डाक्टर का कामाचा?"

तारखेच्या दिवशी त्या पहाटेच्या एसटीनं अर्जुनीला यायच्या आणि तिथून बल्लारशा गाडीनं गोंदियाला. स्टेशनवर त्यांना घ्यायला मी जायचे आणि दर वेळी मनात म्हणायचे की ही बाई दवाखान्याला नाही, कुणाच्या तरी साखरपुड्याला आली आहे. ठेवणीतलं जांभळं लुगडं, डोक्याला चप्प तेल, गळ्यात चांदीची सरी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी एकदा सुचवून पाहिलं, की साधी साडी नेसलात तर प्रवासात सुटसुटीत पडेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की शाळेत पोरं मला वचकतात हे मला खोटं वाटू लागलं. "बिमारावानी गेलं त डाक्टर बिमारच समजते, ईनबाई. चांगलं दिसलं पाह्यजे. त्यालेबी वाटलं पाह्यजे का हिचं का बिघडलं असन?"

हॉलमध्ये कुठे बसायचं याचेही त्यांचे कायदे होते. दाराजवळ नाही, कारण येणारा-जाणारा पायावर पाय देतो. खोकणाऱ्याजवळ नाही, हे समजण्यासारखं. पण पंख्याखालीही नाही. भर उन्हाळ्यात सगळे पंख्याखालच्या जागेसाठी टपलेले असायचे, आणि या मला ओढत भिंतीकडे न्यायच्या. पंख्याच्या वाऱ्यानं बीपी हलतो आणि मग मशीनमध्ये नीट सापडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. भिंतीला पाठ टेकली, पिशवी मांडीजवळ घेतली, की त्या लांब श्वास सोडायच्या. तो श्वास मी अजून विसरले नाही. भाराची मोळी उतरवल्यावर बाई सोडते ना, अगदी तसा.

मग शेजारपाजारच्यांची चौकशी सुरू व्हायची. "तुमाले का झालं?" हा प्रश्न त्या इतक्या आपुलकीनं आणि इतक्या मोठ्यानं विचारायच्या की उत्तर टाळायची सोयच नसे. एकदा शेजारी एक भारदस्त गृहस्थ बसले होते. सारखे या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. विहीणबाईंनी विचारलं. ते बिचारे खाली वाकून हळूच काहीतरी पुटपुटले. "बसाच्या जागेची तकलीफ आहे का?" विहीणबाईंनी साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "मंग इतक्या कडक बाकड्यावर बसून काऊन राहिले, भाऊ?" आणि पिशवीतली आपली शाल काढून, चौघडी घालून, त्यांना उठवून खाली सारली. गृहस्थांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. पण सगळी सकाळ ते त्या शालीवर बसले, आणि पुढच्या महिन्यात तारीख जुळून आली तेव्हा त्यांनी विहीणबाईंना सीताफळं आणून दिली.

थंडीच्या दिवसांत तर कहरच. आमच्या भागात पोपटाच्या शेंगा येतात, वालाच्याच जातीच्या, हिरव्यागार. विहीणबाई घरच्या वाडीतल्या शेंगा पिशवी भरून आणायच्या आणि हॉलमध्ये बसून सोलायच्या. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शाळेतल्या दोन मुलांचे पालक समोर बसले होते. पण सोलणाऱ्या बाईजवळ बसून हात आवरणारी बाई अजून आपल्याकडे जन्माला यायची आहे. आधी डावीकडची सरकली, मग उजवीकडची. मग समोरचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका चष्मा चढवून पुढे आले. बघता बघता पूर्ण रांग शेंगा सोलू लागली. कंपाउंडर आतून धावत आला. "माजी, ये दवाखाना है, सब्जी मंडी नहीं!" विहीणबाईंनी वरही न बघता त्याच्यापुढे ओंजळभर शेंगा धरल्या. "घे. हात रिकामे ठेवून काऊन उभा आहेस?" त्या दिवशी एका पेशंटचा नंबर पुकारला तरी ती बाई उठेना. "बस, इतके से हो जाने दो," म्हणाली. शेवटी आतून डॉक्टर स्वतःच बाहेर डोकावले, सगळ्या हॉलवर नजर फिरवली, आणि काही न बोलता परत आत गेले. आम्ही निघेपर्यंत डॉक्टरांच्या टेबलावर सोललेले दाणे पोचले होते, हे वेगळं सांगायला नको.

नंबर येऊन आत गेल्यावर मात्र विहीणबाईंची नेहमी निराशा व्हायची. डॉक्टर हाताला पट्टा गुंडाळायचे, फुगवायचे, आकडा बघायचे आणि म्हणायचे, "ठीक है माजी. वही गोली चालू रखो." झालं. विहीणबाई तिथेच बसून राहायच्या. "ठीक आहे?" "हाँ, एकदम ठीक." "मंग इतका टाइम बसवलं कायले?" डॉक्टर हसायचे. त्या हसायच्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणायच्या, "इतकं बसल्यावर काईतरी निघालं पाह्यजे होतं."

एका वर्षी त्यांची तारीख नेमकी तान्ह्या पोळ्याला आली. लाकडी बैल सजवून पोरं दारोदार हिंडतात त्या दिवशी कोण दवाखान्यात जाणार? हॉल रिकामा. कंपाउंडर आनंदानं म्हणाला, "आइए माजी, सीधे अंदर." विहीणबाई दारातच थबकल्या. त्यांना ते सगळं संशयास्पद वाटलं. "थांब रे बापा, आताच त आली. बीपीले दम त घेऊ दे." बसल्या. मग मला कुजबुजत म्हणाल्या, "डाक्टर सोताच बिमार नाई ना? पाहून या बरं." पाचसहा पेशंट जमेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मी चिडले होते. आज लवकर सुटलो असतो तर घरी जाऊन जेवलो असतो, हे मी जरा कडकच आवाजात बोलले. विहिणीशी असं बोलायचं नसतं. आपण मुलीकडचे, आपला सूर कायम एक पट्टी खाली. पण त्या रागावल्या नाहीत. पिशवीतून चिवड्याची पुरचुंडी काढून माझ्यापुढे केली आणि शांतपणे म्हणाल्या, "ईनबाई, घरी मी खाली टेकली का बुढ्याले चाय पाह्यजे. म्हशीले पानी पाह्यजे. पोराची काईतरी वस्तू हरपलीच पाह्यजे. इथं मले कोनी काई मांगते का? इथं त बसनंच काम आहे." त्यात तक्रार नव्हती. यंदा पाऊस बरा झाला, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी चिवडा खाल्ला आणि पुन्हा कधी घाई केली नाही.

या अशा बाईला एक गोष्ट विचारायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी महिनाभर नीट झोपले नव्हते. वर्षाला लग्नाआधीपासून नर्स व्हायचं होतं. बारावीला मार्क चांगले होते, पण तेव्हा नंबर लागला नाही, मग स्थळ आलं, लग्न झालं, पाठोपाठ छकुली झाली. छकुलीचा पहिला वाढदिवसही झाला नव्हता, तेव्हा वर्षानं गुपचूप पुन्हा अर्ज भरला आणि गोंदियातल्याच एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. तीन वर्षं होस्टेलला राहायचं. जावई भला माणूस. "मले चालते," म्हणाले, "पन मायले तुमीच विचारा." वर्षाची तर सासूपुढे तोंड उघडायची छाती नव्हती. म्हणजे घरात दोन म्हशी, रांगतं लेकरू, धानाच्या रोवणीचे दिवस, आणि हातातली एकुलती एक सून तीन वर्षं उचलून न्यायची परवानगी मी मागायची होती, आणि तीही मुलीकडची होऊन.

तारखेच्या दिवशी भिंतीला पाठ टेकून, तो लांब श्वास सुटेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "वर्षाचा नंबर लागला आहे."

"कोनत्या दवाखान्यात?" त्यांनी दचकून विचारलं. "का झालं तिले?"

"दवाखान्यात नाही. नर्सिंगच्या कॉलेजात. इथेच, गोंदियात. तीन वर्षांचं आहे."

विहीणबाईंचा हात पिशवीत होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "अन् पोट्टी?"

मी पर्सची चेन उघडबंद करत राहिले.

"अन् म्हशी?"

मी खाली मान घालून बसले. शेजारी एक नवी बाई मोठमोठ्यानं कण्हत होती, तिलाही विहीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं नाही. कंपाउंडर दोनदा आमच्याकडे बघून गेला.

तेवढ्यात बाहेर एक मोठी गाडी थांबली आणि पांढऱ्या कडक इस्त्रीच्या कपड्यातले एक बडे, पाटील शोभावेत असे गृहस्थ आत आले. मागे दोन माणसं. बोटांत अंगठ्या, आवाजात जरब. ते सरळ डॉक्टरांच्या दाराकडे निघाले. दारात तिथली नर्स उभी होती. पोरगेलीशी, किडकिडीत, हातात थर्मामीटर. ती म्हणाली, "बैठिए." गृहस्थ म्हणाले, "मुझे जानती नहीं क्या?" ती म्हणाली, "जानती हूँ. बैठिए, नंबर आएगा तो बुलाऊँगी." आणि ते गृहस्थ बसले. शालीवाल्या त्या भाऊंच्या कडक बाकड्यावर, दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसले.

विहीणबाई ते टक लावून बघत होत्या. थोड्या वेळानं नर्स आमच्या बाजूनं गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "बाई, तुले दिवसभरात कितीक बसाले भेटते?"

पोरगी हसली. "हमको कहाँ बैठने मिलता है, माजी. शाम तक खड़े ही खड़े."

विहीणबाईंनी मान डोलावली. माझा उरलासुरला धीर गेला. ती आत्ताच कशाला असं बोलली, असं वाटून मला त्या निरागस पोरीचाही राग आला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी पट्टा फुगवला, उतरवला, परत फुगवला. "माजी, आज बढ़ा हुआ है. कोई टेंशन?" विहीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आज ईनबाईनं वाढवला." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला भिंतीत शिरावंसं वाटलं. एरवी काहीतरी निघालं पाहिजे म्हणून हटून बसणारी ही बाई, आज निघालं तर आकडा किती तेही न विचारता उठून बाहेर आली.

स्टेशनपर्यंत रिक्षात आम्ही दोघी दोन बाजूंना बघत होतो. फलाटावर गाडी लागलेली होती. त्या डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या, मी खाली उभी. मग त्या गज धरून म्हणाल्या, "ते पोरगी दिवसभर उभीच राहते म्हने."

"हो," मी म्हणाले.

"बसाले भेटत नाई तिले. पन ते म्हनते, 'बैठो', अन् पाटील बी बसते." त्यांनी पदर सारखा केला. "माह्या घरी आजपर्यंत बायकोमानसानं कोनाले बस म्हटलं नाई, ईनबाई. उठ म्हटलेलंच आयकलं. जाऊ द्या वर्षाले. पोट्टीले मी पाह्यतो. म्हशी बी माह्याच आहेत."

गाडी हलली. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्या खिडकीतून ओरडल्या, "पन माही दवाखान्याची तारीख चुकाची नाई! सांगून ठेवतो!"

तारीख चुकली नाही. फरक इतकाच झाला की जांभळ्या लुगड्याच्या खांद्यावर आता छकुली असायची. आणि दुसरा फरक माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. वर्षाच्या होस्टेलचे नियम कडक होते. भेटीगाठी फक्त रविवारी, आणि रविवारी केशोरीहून येऊन परत जायला गाडीचा मेळ बसत नसे. पण तिचं कॉलेज दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि दुपारी जेवायची सुट्टी असायची. त्या सुट्टीत धावत आली तर तिला छकुली दिसायची. अट एकच, की तोपर्यंत विहीणबाई हॉलमध्येच असायला हव्यात. नंबर आधी आला की तपासणी आधी आटपायची, आणि तपासून झालेल्याला कंपाउंडर गर्दीत बसू देत नसे.

म्हणून विहीणबाई आपला नंबर वाटू लागल्या. कंपाउंडरनं पुकारलं, की शेजारच्या म्हाताऱ्याला ढोसायच्या, "जा बाबा, तुमी जा, माहं का, मी बसलीच आहो." पुन्हा पुकारलं की तापानं फणफणलेल्या लेकराची आई पुढे. लोकांना वाटायचं, बाईनं काहीतरी नवस बोललेला आहे. एका बाईनं तर विचारलंच, "काही व्रत करता का?" विहीणबाई म्हणाल्या, "होव. नातीचं." दोनतीन महिन्यांत कंपाउंडरच्या सगळं ध्यानात आलं. मग तो काही न बोलता त्यांचा नंबरच खाली टाकू लागला, आणि दुपारी वर्षा पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये धापा टाकत दारात आली की मगच दरवाज्यातून ओरडायचा, "केशोरीवाली माजी तैयार रहो!"

पण वर्षाच्या वाट्याला त्या अर्ध्या तासात नुसता आनंद नव्हता. लेकरू ज्याच्या अंगावर वाढतं त्याचं होतं. छकुली वर्षाच्या हातात गेली की ओठ काढायची, आजीकडे झेपावायची, टाहो फोडायची. वर्षा हसून तिला परत द्यायची, "राहू द्या आत्या, ओळखत नाही अजून," असं सासूला म्हणायची आणि डब्यातली पोळी तशीच परत न्यायची. एकदा जाताना ती मला दाराबाहेर म्हणाली, "आई, मी हे सोडून देऊ का?" मी तिच्या हातातल्या डब्याचं झाकण नीट लावून दिलं. आत आले तर विहीणबाई छकुलीचं तोंड पुसत होत्या.

पुढच्या तारखेला त्या नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. हॉलच्या पार टोकाला, कार्डिओग्राम काढायच्या खोलीला हिरवा पडदा होता, त्याच्याजवळ बसल्या. छकुली बाकड्याला धरून उभी राहायला लागली होती, पण हात सोडायची नाही. वर्षा दारात दिसली. विहीणबाईंनी छकुलीला बाकड्याशी उभं केलं, माझ्या दंडाला चिमटा काढून गप्प राहा अशी खूण केली, आणि चटकन पडद्यामागे गेल्या.

छकुलीनं मागे वळून पाहिलं. आजी नाही. तिचा ओठ थरथरला. सगळा हॉल बघत होता. काय चाललंय ते कुणाला नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे सगळ्यांना कळलं होतं. समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या कपड्यातली तिची आई गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात पसरले. हाक मारली नाही. छकुलीनं बाकडं सोडलं. एक पाऊल टाकलं आणि डुलली. दोन्ही बाजूंच्या बाकड्यांवरून हात पुढे आले, सलाईनची पट्टी लावलेले, थरथरणारे, बांगड्यांचे, विडीच्या वासाचे. पण कुणी तिला धरलं नाही, नुसते हात कुंपणासारखे धरून ठेवले. त्या कुंपणामधून ती पोर धडपडत, हेलकावत गेली आणि वर्षाच्या अंगावर जाऊन आदळली. रडली नाही. आईच्या कॉलरचं बटण तोंडात घालून बघू लागली. रेल्वेवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. कंपाउंडर "शांती रखो, शांती रखो" म्हणत स्वतःच टाळ्या वाजवत होता.

मी पडद्यामागे गेले. विहीणबाई कार्डिओग्रामच्या खाटेला चिकटून उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. मला बघताच त्यांनी पदर काढला आणि विचारलं, "तिनं मले पायलं त नाई ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग आज नंबर राहू द्या." त्या दिवशी बीपी न तपासताच त्या केशोरीला गेल्या.

वर्षाचं शिक्षण पुरं झालं. केशोरीच्या जवळच्याच एका आरोग्य केंद्रात तिला नोकरी लागली. सायकलवरून जायची, पुढे स्कुटी घेतली. तिथे तीही लोकांना बसा म्हणते आणि लोक बसतात, हे व्याह्यांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ते स्वतः एकदा खोकल्याचं औषध आणायला गेले तेव्हा सुनेनं त्यांनाही रांगेत बसवलं होतं म्हणे. पहिल्या पगारात वर्षानं सासूसाठी बीपीचं मशीन घेतलं. बटण दाबलं की पट्टा आपोआप फुगतो, आकडा दिसतो. डॉक्टरांना फोनवर तो आकडा सांगितला की गोळीचं ठरतं. गोंदियाला यायचं काही कारणच उरलं नाही. मी फोन केला तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "फुस्स करते अन् झालं. हे का तपासनं आहे, ईनबाई?" पण मशीन सुनेनं आणलं होतं, त्यामुळे गावभर दाखवून झालं होतं.

दोन पावसाळे असेच गेले. मी निवृत्त झाले. मुलीकडे जाणंयेणं व्हायचं, पण तिथे विहीणबाई माझ्या वाट्याला यायच्या नाहीत. चुलीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून वाडीपर्यंत त्यांची नुसती पाठ दिसायची. मग एका मंगळवारी सकाळी गोंदियाजवळच्या फुलचूरला माझ्या घराचं दार वाजलं. दारात जांभळं लुगडं, चप्प तेल, चांदीची सरी. हातात पिशवी. मी पिशवी हातातून घेत विचारलं, "काय झालं? बरं नाही का?"

"नाई व. बरं नसाले का झालं?" त्या आत आल्या, खोलीभर नजर फिरवली, पंखा टाळून भिंतीजवळच्या दिवाणावर बसल्या. "वर्षाले सुट्टी आहे आज. तिले म्हटलं, म्हशी पाह्य, मी जाऊन येतो."

चहा झाला. छकुली शाळेत काय काय बोलते ते सांगून झालं. धान कसं आहे ते झालं. मी भात टाकायला आत गेले, तिथूनच काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. बाहेर येऊन बघते तर विहीणबाई आडव्या झाल्या होत्या. पिशवी उशाला, हात कपाळावर, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. रात्रीसुद्धा पाहिलं नव्हतं. लग्नात, बारशात, कशातही त्या सगळ्यांच्या नंतर निजायच्या आणि सगळ्यांच्या आधी उठायच्या. मी कुकर बंद केला, म्हणजे शिट्टी होऊ नये. भाजीवाला ओरडत आला, त्याला फाटकातूनच हातानं परतवलं. मग खुर्ची ओढून तिथेच बसले. भात अर्धकच्चा राहिला आणि मी जेवलेही नाही.

दुपार कलली. त्यांच्या गाडीची वेळ झाली. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. दूरवरून गाडीचा भोंगा ऐकू आला, मग तो विरून गेला. मी आत जाऊन हळू आवाजात वर्षाला फोन केला, की आज सासूबाई इथेच राहतील, संध्याकाळचं दूध तुम्ही काढा.

दिवेलागणीला त्या जाग्या झाल्या. क्षणभर कुठे आहोत ते त्यांना कळलं नाही. मग खिडकीकडे पाहून दचकून उठून बसल्या. "गाडी?"

"गेली," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रागावतील, पिशवी उचलतील, एसटी आहे का विचारतील.

"गेली का," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या." आणि पदर ओढून घेऊन, भिंतीकडे तोंड करून पुन्हा निजल्या.